पदकाच्या आधीचा पैसा

खेळाडू पदक घेऊन परतला की सरकारी तिजोरीला एकाएकी पाझर फुटतो. विमानतळावर ढोलताशे वाजतात, मंत्रालयात सत्कार होतो, पुठ्ठ्याच्या भल्यामोठ्या धनादेशासह छायाचित्रे निघतात आणि त्या छायाचित्रांत खेळाडूपेक्षा पुढारीच अधिक दिसतात. या सत्काराला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. गरिबाच्या घरी घामाचे चार पैसे आले तर ते आम्हाला का खुपावेत? आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. हाच पैसा पदकाच्या आधी कुठे होता? आणि ज्यांना पदक मिळाले नाही, परंतु ज्यांनी पदक मिळविणाऱ्याइतकेच रक्त आटवले, त्यांच्या घरी तो कधी पोहोचला काय?

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक जिंकले. राज्य सरकारने आधी एक कोटी जाहीर केले, पुढे नव्या धोरणानुसार कांस्यपदकाचे बक्षीस दोन कोटींवर गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वप्नीलच्या वडिलांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. हरियाणा आपल्या खेळाडूंना किती देतो आणि महाराष्ट्र किती देतो, पॅरिसच्या पाच वैयक्तिक पदकविजेत्यांपैकी चार हरियाणाचे आणि एक महाराष्ट्राचा, बहात्तर वर्षांत महाराष्ट्राला मिळालेले हे अवघे दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, मग ही काटकसर कशासाठी, असा त्यांचा सरळ सवाल होता. त्यावर अनेकांनी नाके मुरडली. आम्हाला मात्र त्या शिक्षक बापाचे बोलणे मुळीच वावगे वाटले नाही. नेमबाजीत रोज काडतुसे जाळावी लागतात आणि ती फुकट येत नाहीत. पोराच्या गोळ्यांसाठी ज्याने कर्ज काढले, त्याने हिशेब मागितला तर त्यात हाव कसली?

वकिलीच्या भाषेत सांगायचे तर ही एक विचित्र भागीदारी आहे. भांडवल घरच्यांचे, कर्ज घरच्यांचे, दुखापत झाली तर नुकसान घरच्यांचे आणि पोरगा हरला तर आयुष्यभराचा तोटाही घरच्यांचाच. परंतु नफा झाला, म्हणजे पदक मिळाले, की राष्ट्र त्यात भागीदार म्हणून पुढे येते. अशा अटींचा करारनामा कोणी आमच्या टेबलावर सहीसाठी आणला, तर आम्ही पक्षकाराला सही करू नको म्हणूनच सांगू.

अर्थात हा करार आजचा नाही. त्याची पहिली मोठी नोंद कराड तालुक्यातील गोळेश्वरच्या मातीत सापडते. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने, आणि तेथे सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीसाठी त्यांना निवडीपासूनच झगडावे लागले. निवड झाली तर जाण्यासाठी पैसे नाहीत. ज्या राजाराम कॉलेजात ते शिकले, तेथील प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावोगावी वर्गणी जमली, दुकानदारांनी जमेल ते दिले. मुंबई सरकारकडे चार हजार रुपये मागितले असता मोरारजी देसाई यांनी खेळ झाल्यावर भेटा असे सांगितल्याची हकिकत कराड-कोल्हापूरकडे आजही सांगितली जाते. खेळ झाल्यावर भेटा! स्वतंत्र भारताचे क्रीडा धोरण इतक्या थोडक्या शब्दांत दुसऱ्या कोणी मांडल्याचे आम्हाला ठाऊक नाही.

खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मात्र त्या दिवशी मॅटवर काय घडले हे फारसे सांगितले जात नाही. जपानच्या इशीबरोबर दीर्घ लढत झाल्यावर त्यांना जवळजवळ लगेच सोविएत मल्लाशी लढायला बोलावण्यात आले. दोन लढतींच्या मध्ये विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो नियम पुढे करून खाशाबांच्या वतीने भांडायला तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेल्या अंगाने ते उतरले आणि हरले. म्हणजे पैसा नव्हता हे तर खरेच, पण ज्यांच्या प्रवासासाठी पैसा होता ते अधिकारीही गरजेच्या वेळी जागेवर नव्हते. पाठबळ म्हणजे केवळ तिकीट आणि बूट नव्हेत, नियम ठाऊक असलेला माणूस पाठीशी असणे हेही पाठबळच आहे, हे न्यायालयात रोज उभे राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

परतल्यावर कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. लोकांनी त्यांचे काम केले. खाशाबांनी मग कुस्त्यांचे फड लावून प्राचार्यांचे घर सोडवायला पैसे उभे केले. १९५५ मध्ये पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले, सत्तावीस वर्षे नोकरी केली, निवृत्तिवेतनासाठी खेटे घातले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात गेले. हयातीत ना अर्जुन, ना पद्म. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आता महाराष्ट्रात १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. चव्वेचाळीस वर्षे! या चव्वेचाळीस वर्षांत या देशात मल्ल, धावपटू, नेमबाज जन्मलेच नाहीत काय? जन्मले. प्रत्येकाला घर गहाण ठेवणारा प्राचार्य भेटला नाही, एवढेच.

राजेरजवाड्यांच्या मर्जीवर आणि सज्जनांच्या उपकारावर खेळ चालवायची ही रीत त्याहूनही जुनी आहे. पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे काम करीत आणि महिन्याला चार रुपये पगारावर साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो संघ इंग्लंडला गेला, त्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. महाराज कर्णधार होते कारण ते महाराज होते. बाळूंना चहा मात्र मैदानाबाहेर, वेगळ्या भांड्यात. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते मिळायला त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ पर्यंत थांबावे लागले. उपकाराच्या पैशाला नेहमी उपकारकर्त्याचा चेहरा असतो, आणि त्या चेहऱ्याला कोण आवडेल, कोण आवडणार नाही, यावर खेळाडूचा हक्क चालत नाही.

आता परिस्थिती बदलली आहे, असे सांगितले जाते. बदलली आहे हे आम्हीही नाकारत नाही. १९९८ मध्ये राष्ट्रीय क्रीडा विकास निधी उभा राहिला. २०१४ मध्ये ऑलिम्पिक पदकाची शक्यता असलेल्या खेळाडूंसाठी ‘टॉप्स’ ही योजना आली. तिच्या मुख्य गटातील खेळाडूला प्रशिक्षण, परदेशी स्पर्धा यांचा खर्च मिळतोच, शिवाय दरमहा पन्नास हजार रुपये हातखर्चाला मिळतात. ‘खेलो इंडिया’तून निवडलेल्या मुलामुलींवर वर्षाला ६.२८ लाखांपर्यंत खर्च होतो आणि त्यातले एक लाख वीस हजार, म्हणजे महिन्याला दहा हजार, हातात मिळतात. पॅरिस ऑलिम्पिकच्या तयारीवर केंद्राने सोळा खेळांत मिळून सुमारे ४७० कोटी रुपये खर्च केले. त्यात सर्वाधिक, सुमारे ९६ कोटी, अॅथलेटिक्सवर. ११७ खेळाडू गेले, सहा पदके आली, एक रौप्य आणि पाच कांस्य. लगेच ओरड सुरू झाली की, इतका पैसा ओतला आणि सुवर्ण एकही नाही!

ही ओरड करणाऱ्यांनी जरा दुसरीही बेरीज करावी. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात युवक व्यवहार आणि क्रीडा मंत्रालयाला ३,७९४ कोटी रुपये दिले गेले. एकूण अर्थसंकल्प पन्नास लाख कोटींच्या वर. म्हणजे सरकारने खर्चायला काढलेल्या दर शंभर रुपयांत क्रीडा आणि युवक या दोन्ही खात्यांच्या वाट्याला मिळून साडेसात पैसे आले. साडेसात पैशांत राष्ट्राची छाती किती फुगावी याला काही सुमार?

आणि आहे तो पैसा जातो कुठे? ‘खेलो इंडिया’खाली राज्यांना मैदाने व संकुले यांसाठी दिलेल्या निधीचे आकडे २०२४ मध्ये संसदेत मांडले गेले. उत्तर प्रदेशला सुमारे ४३८ कोटी, गुजरातला सुमारे ४२६ कोटी, हरियाणाला सुमारे ६६ कोटी. पॅरिसला गेलेल्या चमूत हरियाणाचे खेळाडू होते २४ आणि गुजरातचे २. कोणी म्हणेल, जेथे खेळ मागे आहे तेथेच जास्त पैसा द्यायला हवा. मान्य. आम्ही तर हाच न्याय आयुष्यभर सांगत आलो आहोत. मग ओडिशाच्या आदिवासी पट्ट्याला, झारखंडला, ईशान्येकडील राज्यांना, आमच्या नंदुरबार-गडचिरोलीला हाच न्याय त्याच मापाने लागू होतो काय, हे तपासायला हवे. मागासलेपण हा निकष असेल तर तो सर्वत्र असावा.

खरी गोम आहे ती वयाच्या सतरा ते तेवीस या वर्षांत. ‘टॉप्स’मध्ये येतो तो आधीच जगातल्या पहिल्या रांगेजवळ पोहोचलेला असतो. तेथवर पोहोचायला जी पाच-सहा वर्षे लागतात, त्या काळात घरी कमावत्या हाताची गरज असते आणि पोरगा मात्र रोज पाच तास मैदानावर असतो. त्याला दूध, अंडी, मटण, बूट, एसटीचे भाडे, मालिशवाला हे सारे लागते. शेतमजुराच्या किंवा नाक्यावर उभे राहणाऱ्याच्या घरातून हा खर्च सहा वर्षे निघत नाही. मुलगी असेल तर मध्येच लग्न उभे राहते. आमच्या वस्त्यांतून राज्य पातळीपर्यंत गेलेली आणि मग दिसेनाशी झालेली मुले आम्ही मोजू लागलो तर हाताची बोटे पुरणार नाहीत.

त्यांच्यातल्या जिद्दीने तगलेल्यांना पुढे एक वेगळाच कागद भेटतो. परदेशी स्पर्धेसाठी संघाला परवानगी देताना सरकारी पत्रात एक ओळ असते, ‘शासनावर कोणताही खर्च न पडता’. म्हणजे देशाच्या नावाने जा, छातीवर तिरंगा लावा, मात्र पैसे तुमचे. काही वर्षांपूर्वी एका तरुणाचे असेच पत्र आमच्याकडे आले होते. संघटनेने निवड कळविली होती आणि सोबत भरावयाची रक्कम व शेवटची तारीख. मुदत होती नऊ दिवसांची. त्याची आई पत्र घेऊन विचारीत होती की, निवड झाली म्हणजे सरकार नेणार ना? वस्तीत पावतीपुस्तक छापून वर्गणी काढली गेली, रिक्षा स्टँडपासून भाजी मंडईपर्यंत पोरे फिरली. अर्धी रक्कम जमली तोवर तारीख गेली. त्याच्या जागी कोण गेले याची चौकशी केली असता, राखीव यादीतला, पण पैसे भरू शकणारा मुलगा गेल्याचे समजले. निवड गुणवत्तेवर झाली आणि रवानगी ऐपतीवर. याला कोणत्या कायद्याने आव्हान द्यावे? योजनेतून मिळणारी मदत हा हक्क नसतो, ती सरकारची मर्जी असते, हे उत्तर आम्हाला त्या आईला द्यावे लागले.

म्हणूनच या देशात खरी क्रीडा योजना कोणती असेल तर ती नोकरी आहे. खाशाबांना पोलीस खात्याने पोसले. स्वप्नील रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला म्हणून टिकला, आणि त्याआधी राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीने त्याला लहानपणी उचलले होते, हेही न्यायाने नोंदवले पाहिजे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला तो पाचव्या महार बटालियनमध्ये. सियाचिनच्या थंडीत आणि राजस्थानच्या वाळूत राहिलेला हा जवान तेथूनच धावपटू झाला, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला आणि पॅरिसमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष ठरला. दरमहा नियमित पगार, रोजचे पोटभर जेवण आणि सरावाला सवड, या तीन गोष्टी मिळाल्या की दुष्काळी गावातला पोरगा केनियाच्या धावपटूंच्या खांद्याला खांदा लावतो. मात्र जेथे सरकारी आस्थापना आकसत आहेत, पदे कंत्राटावर भरली जात आहेत, तेथे खेळाडूंच्या जागाही त्याच वाटेने जाणार, याची चर्चा क्रीडापानांवर होत नाही. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्याचाही लाभ बोगस प्रमाणपत्रे घेऊन लाटल्याची प्रकरणे उघडकीस आली आणि खरा खेळाडू पडताळणीच्या फेऱ्यांत अडकला.

सावरपाड्याची कविता राऊत हिचे उदाहरण तर बोलके आहे. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरून निघालेल्या या मुलीने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य मिळविले. या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. २०२४ मध्ये तिला जाहीरपणे विचारावे लागले की, इतरांना राज्य सरकारने वर्ग एकच्या नोकऱ्या दिल्या, मला का नाही? मी आदिवासी आहे म्हणून काय?

कविता ज्या दिल्लीत धावली, त्याच दिल्लीतील स्पर्धेचा दुसरा हिशेब आमच्या वाचकांनी विसरू नये. अनुसूचित जातींच्या विकासासाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा काढायचा, ही विशेष घटक योजना १९७९ पासून सुरू झाली. हा पैसा वस्तीतल्या पाण्याचा, शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा, व्यवसायाच्या कर्जाचा. दिल्ली सरकारने त्यातून शेकडो कोटी रुपये राष्ट्रकुल स्पर्धेच्या कामांकडे वळविले. हे कोणा विरोधी पक्षाने शोधले नाही. माहिती अधिकारात कागद मागणाऱ्या कार्यकर्त्यांनी ते उघड केले आणि त्यांच्या हिशेबाने आकडा ७४४ कोटींवर गेला. ऑगस्ट २०१० मध्ये राज्यसभेत यावर गदारोळ झाला, तेव्हा तत्कालीन गृहमंत्री चिदंबरम यांना सुमारे ६७८ कोटी रुपये चुकीच्या रीतीने वळविले गेल्याचे मान्य करावे लागले आणि ते परत करण्याचे आश्वासन द्यावे लागले.

यावर तयार उत्तर असते की, स्टेडियम, उड्डाणपूल, रस्ते सर्वांसाठीच असतात, त्यांचा लाभ दलितांनाही होतोच! हा युक्तिवाद दिसायला निरुपद्रवी, पण आतून घातक आहे. उड्डाणपुलावरून जाणाऱ्या बसमध्ये आमचा माणूस बसला म्हणून पुलाच्या खर्चाचा सहावा हिस्सा आमच्या मुलांच्या शिष्यवृत्तीतून कापायचा, हा कुठला न्याय? मग पुलावरून मोटारीतून जाणाऱ्यांच्या खिशातून काय कापले? कर्नाटकने २०१३ मध्ये या निधीसाठी कायदा केला, परंतु त्यातही सर्वसाधारण पायाभूत कामांचा काही वाटा ‘खर्च झाला असे मानण्याची’ पळवाट कलम ७ (ड) मध्ये ठेवली होती. ती काढून टाकायला दहा वर्षे लढावे लागले, २०२३ मध्ये ती गेली. महाराष्ट्रात अशा कायद्याची मागणी जुनी आहे आणि २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचा पैसा दुसरीकडे वळविल्याची तक्रार खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनीच केली, यावरून तिची निकड कळावी.

हे जुने उकरून काढण्याचे कारण आहे. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी, योगायोगाने संविधान दिनीच, २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे यजमानपद अहमदाबादला मिळाल्याचे जाहीर झाले. २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही भारत इच्छुक आहे. या स्पर्धांचा खर्च कसा फुगतो हे ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने पाहिले आणि २०२६ चे यजमानपद २०२३ मध्ये सोडून दिले, त्यासाठी भरपाईही मोजली. ग्लासगोने ते घेतले ते दहाच खेळांचा आटोपशीर कार्यक्रम ठरवून. श्रीमंत देशाचे राज्य हात वर करते तेथे आम्ही छाती पुढे काढतो. काढावी. पण स्टेडियम बांधणे आणि खेळाडू घडविणे ही दोन वेगळी खाती आहेत. सिमेंटच्या खर्चाला राष्ट्रीय क्रीडा खर्च म्हणून दाखवणे हीच मुळी फसवणूक होय. गुजरातमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जाती ६.७ टक्के आणि जमाती १४.८ टक्के. त्यांच्या हिश्शाचा निधी पुढील चार वर्षांत कुठे जातो यावर आतापासून डोळा ठेवावा लागेल.

इंग्लंडचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९९६ मध्ये ब्रिटनला ऑलिम्पिकमध्ये अवघे एक सुवर्ण मिळाले. त्यानंतर राष्ट्रीय लॉटरीचा पैसा थेट खेळाडूंच्या प्रशिक्षणाला लावला गेला आणि २०१२ मध्ये २९ सुवर्णपदके आली. त्यांनी इमारती नंतर बांधल्या, खेळाडू आधी उभे केले. मात्र त्यांचा नियमही कठोर, पदकाची आशा नसलेल्या खेळाचा पैसा तोडायचा. आपल्याकडेही त्याची नक्कल होते. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत फुटबॉल संघ आशियात पहिल्या आठांत नाही म्हणून आधी नाकारला गेला, मग ओरड झाल्यावर नियम शिथिल झाला. पहिल्या आठांत यायचे तर मोठ्या स्पर्धा खेळायला हव्यात, आणि मोठ्या स्पर्धा खेळायच्या तर पहिल्या आठांत असायला हवे! अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हे दुष्टचक्र आमच्या तरुणांना चांगलेच परिचयाचे आहे.

चांगली उदाहरणे नाहीत असे नाही. भारतीय हॉकीचा प्रायोजक निघून गेला तेव्हा २०१८ मध्ये ओडिशासारख्या गरीब राज्याने पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांचे पालकत्व घेतले. टोकियोत पुरुषांना कांस्य मिळाले, महिला उपांत्य फेरीत पोहोचल्या. वंदना कटारिया हिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले, ऑलिम्पिकमध्ये असा पराक्रम करणारी ती पहिली भारतीय महिला. चारच दिवसांनी भारत उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळ तिच्या घरासमोर फटाके फोडले गेले, संघात दलित जास्त झाल्या म्हणून हरलो, अशा शिव्या दिल्या गेल्या. अॅट्रॉसिटीखाली गुन्हा नोंदवावा लागला. राज्याने पैसा दिला म्हणून ती टोकियोला पोहोचली, पण मागे राहिलेल्या घराला संरक्षण कोण देणार? ओडिशाच्याच विणकराची मुलगी द्युती चंद हिला २०१४ मध्ये शरीरातील संप्रेरकांच्या प्रमाणावरून स्पर्धेबाहेर काढले, तेव्हा क्रीडा मंत्रालय आणि क्रीडा प्राधिकरण तिच्या पाठीशी उभे राहिले, कॅनडातील वकिलांनी तिची बाजू लढविली आणि २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने दोन रौप्यपदके आणली. हेलसिंकीत खाशाबांसाठी जो माणूस हजर नव्हता, तो द्युतीसाठी हजर होता. आम्हाला ‘पाठबळ’ म्हणतात ते हे.

अपंग खेळाडूंचीही हीच कथा. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले सांगलीचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये पॅरालिम्पिकचे सुवर्ण जिंकले, आणि पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. २०२४ मध्ये पॅरिस पॅरालिम्पिकला ८४ खेळाडू गेले, २९ पदके घेऊन आले. सात सुवर्ण. मदत वेळेवर पोहोचली की काय होते, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

बक्षिसांच्या बाबतीत तर राज्याराज्यांत लिलाव चालल्यासारखे आहे. जानेवारी २०२५ मध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले. महाराष्ट्राने आपल्या खेळाडूंना सव्वादोन कोटी जाहीर केले, कर्नाटकने आपल्या दोघांना पाच लाख. त्या दोघांनी ते घेण्यास नकार दिला. एकच संघ, एकच चषक, आणि किंमत जन्मगावावरून! क्रीडा हा विषय घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यांच्या यादीत, नोंद ३३ मध्ये आहे, त्यामुळे राज्ये स्वतंत्र आहेत हे खरे. पण देशासाठी खेळणाऱ्याला किमान काय मिळावे, एवढे तरी एकत्र बसून ठरवता येते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. संघटनांना मान्यता देणारे मंडळ, वाद सोडविणारे न्यायाधिकरण, निवडणुकांवर देखरेख, कार्यकारिणीत खेळाडू आणि महिला, या चांगल्या गोष्टी त्यात आहेत. परंतु मूळ विधेयकात सर्वच मान्यताप्राप्त संघटना माहिती अधिकाराखाली येणार होत्या. नंतरच्या दुरुस्तीने ती कक्षा सरकारी अनुदान घेणाऱ्यांपुरती आणि त्या अनुदानाच्या वापरापुरती आकसली. देशातील सर्वांत धनाढ्य क्रिकेट मंडळ त्यामुळे बाहेर राहिले. २००५ च्या झी टेलिफिल्म्स प्रकरणापासून ते मंडळ ‘राज्य’ नाही हा निर्णय ढालीसारखा वापरला जातो. संघ देशाचा, हिशेब खासगी. आणि ज्या तरुणाची गोष्ट आम्ही वर सांगितली त्याच्यासाठी या कायद्यात काय आहे, म्हणून आम्ही शोधले. निवड झालेल्या खेळाडूचा खर्च सरकारने किंवा संघटनेने उचलावा, असे बंधन आम्हाला त्यात आढळले नाही.

तरीही जेवढे दार उघडे आहे तेवढ्यातून आत जावे. आपापल्या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना आमची सूचना आहे की, जिल्हा क्रीडा अधिकारी आणि अनुदान घेणाऱ्या संघटना यांच्याकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात. गेल्या पाच वर्षांत परदेशी स्पर्धेसाठी निवड झालेल्या खेळाडूंपैकी किती जणांकडून पैसे भरून घेतले आणि किती जण पैशाअभावी गेले नाहीत, तालुका क्रीडा संकुलांवरील खर्चात अनुसूचित जाती-जमाती उपयोजनेचा किती पैसा आहे, आणि खेळाडूंच्या पाच टक्के जागांपैकी प्रत्यक्ष किती भरल्या. दिल्लीत व गुजरातेत असलेल्या आमच्या मित्रांनी आणखी एक विचारावे, २०१० चे ते ६७८ कोटी कोणत्या वर्षी, कोणत्या योजनेच्या शीर्षाखाली परत जमा झाले. अर्जाची फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, ते न आल्यास पुढील तीस दिवसांत पहिले अपील करावे.